समजूत घालणारे आणि समजून घेणारे

प्रणयकादंबरी हा विषय आपल्या वार्षिकांकात का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. 1990 साली सोलापूरला पहिले अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण ज्या साहित्याची चर्चा करत आलो, त्यात गरिबी, शिक्षण, दंगली, तलाक आणि ओळखीचा प्रश्न हेच विषय केंद्रस्थानी राहिले. ते योग्यच होते. ज्या समाजाचे दुःखच साहित्यात आले नव्हते, त्याने आधी दुःख सांगणे स्वाभाविक होते. पण त्यामुळे प्रेमाची गोष्ट म्हणजे रिकामटेकड्यांचे वाचन, असा एक समज नकळत आपल्यात रुजला. आपल्या घरातल्या मुली काय वाचतात, हे मग आपण पाहिलेच नाही.

गेल्या ईदला माझी भाची घरी आली होती. शीरखुर्मा खाऊन झाल्यावर तिने पिशवीतून दोन इंग्रजी कादंबऱ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाली, "खाला, तुम्ही नेहमी म्हणता, आपल्यावर कुणी लिहीत नाही. ही एक आपल्यावर आहे. दुसरी आपल्यावर नाही, पण मला तीच जास्त आपली वाटली." तिच्या या वाक्याने मी चक्रावले आणि दोन्ही पुस्तके वाचून काढली. एक उज्मा जलालुद्दीन या कॅनडातील मुस्लिम लेखिकेची 'मच अडू अबाउट नादा', दुसरी एमिली हेन्री या अमेरिकन लेखिकेची 'हॅपी प्लेस'. दोन्ही 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आणि दोन्ही तुटलेल्या प्रेमाच्या पुनर्भेटीच्या.

इंग्रजी लोकप्रिय कादंबरीत हा एक रूढ साचा आहे. प्रेमात असलेली दोन माणसे दुरावतात, काही काळाने परिस्थिती त्यांना पुन्हा समोरासमोर आणते, आणि जे मोडले ते जुळेल काय, या प्रश्नावर कथानक पुढे सरकते. तिकडे याला 'सेकंड चान्स रोमान्स' म्हणतात. आपण 'दुसरी संधी' म्हणू. साचा आहे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. गझलेलाही काफिया-रदीफचा साचा असतोच. त्या साच्यात शायर काय भरतो, हे महत्त्वाचे.

या कादंबऱ्या वाचताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. दुसऱ्या संधीच्या गोष्टीत प्रेमिकांपेक्षा त्यांच्या मित्रमैत्रिणींची परीक्षा अधिक कठीण असते. प्रेम का तुटले, कुणी तोडायला लावले, कोण गप्प बसले, आणि पुन्हा जुळताना कोण बाजूला सरकले, हे पाहिल्याशिवाय त्या प्रेमाचा अर्थ लागत नाही. ज्या कादंबरीला हे कळते ती टिकते. जिला कळत नाही, ती वाचून झाल्यावर विसरली जाते.

या साच्याची मूळ कादंबरी दोनशे वर्षांपूर्वीची आहे. जेन ऑस्टिन 1817 च्या जुलै महिन्यात वारली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिची 'पर्स्वेशन' प्रकाशित झाली. अ‍ॅन इलियट ही खानदानी जमीनदाराची मुलगी. 19 व्या वर्षी तिचे फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदलातील तरुण अधिकाऱ्याशी प्रेम जमते आणि लग्न ठरते. त्याच्याजवळ ना पैसा, ना वशिला. अ‍ॅनची आई हयात नाही. आईची मैत्रीण लेडी रसेल तिला आईच्या ठिकाणी आहे. ही लेडी रसेल तिला पटवते, की हे लग्न अविचाराचे आहे आणि त्या तरुणाच्याही हिताचे नाही. अ‍ॅन ठरलेले लग्न मोडते. आठ वर्षांनी वेंटवर्थ कप्तान होऊन, पैसा कमावून परत येतो तेव्हा ती 27 वर्षांची आहे, कोमेजलेली आहे, आणि घरात तिच्या शब्दाला कुणी विचारत नाही.

कादंबरीच्या शीर्षकाला मराठीत काय म्हणावे, याचा मी बराच विचार केला. 'मन वळवणे' म्हणता येईल, 'गळ घालणे' म्हणता येईल. पण सर्वांत जवळचा शब्द 'समजूत घालणे' हाच. आपल्याकडे हा शब्द फार मायेने वापरला जातो. सासरहून परत आलेल्या मुलीची समजूत घालतात, शिकायचे म्हणणाऱ्या मुलीची समजूत घालतात, दुसऱ्या जातीतला किंवा दुसऱ्या मोहल्ल्यातला मुलगा आवडलेल्या मुलीची तर सगळी बिरादरी समजूत घालते. समजूत घालणारा कधीच वाईट माणूस नसतो. म्हणूनच त्याचा शब्द मोडवत नाही.

ऑस्टिनचे मोठेपण असे, की तिने लेडी रसेलला खलनायिका केले नाही. ती अ‍ॅनवर मनापासून प्रेम करते. तिचा सल्ला चुकला, एवढेच. शेवटी अ‍ॅन वेंटवर्थला सांगते, की तो सल्ला चुकीचा होता, पण आईच्या ठिकाणी असलेल्या बाईचे ऐकण्यात आपली चूक नव्हती. मात्र आपण स्वतः कुणाला तसा सल्ला कधीही देणार नाही. आज्ञाधारकपणा आणि स्वतःचा विवेक यांचा असा प्रामाणिक हिशोब मी फार कमी ठिकाणी वाचला आहे. ऑस्टिन नायकालाही सोडत नाही. लग्न मोडल्यावर दोन वर्षांतच हाती थोडे पैसे आले, जहाज मिळाले, तेव्हा आपण पत्र पाठवले असते तर तू होकार दिला असतास का, असे वेंटवर्थ विचारतो. अ‍ॅनचे उत्तर होकाराचे असते. म्हणजे आठांपैकी सहा वर्षे लेडी रसेलने घेतली नव्हती, ती त्याच्या मानीपणाने खाल्ली होती.

आणखी एक मैत्रीण या कादंबरीत आहे. अ‍ॅनची शाळेतली सोबतीण मिसेस स्मिथ आता विधवा आहे, आजारी आहे, बाथ शहराच्या एका हलक्या वस्तीत राहते. अ‍ॅनच्या वडिलांना ही ओळख कमीपणाची वाटते, तरी अ‍ॅन तिच्याकडे जाते. अ‍ॅनला मागणी घालू पाहणारा तिचा चुलत नातेवाईक किती स्वार्थी आहे, हे मिसेस स्मिथला ठाऊक असते. पण त्या लग्नातून आपले अडकलेले काम होईल, या आशेने ती आधी गप्प राहते. अ‍ॅन त्याच्याशी लग्न करणार नाही हे कळल्यावरच तोंड उघडते. गरज माणसाला किती गप्प करते, हे ऑस्टिन काहीही आव न आणता दाखवते. आणि तरीही शेवटी नवऱ्याच्या गोतावळ्यात भर घालायला अ‍ॅनजवळ दोनच मैत्रिणी असतात, एक लेडी रसेल आणि दुसरी मिसेस स्मिथ. एकीने चुकीचे बोलून नुकसान केले, दुसरीने गप्प राहून करता करता टाळले. अ‍ॅन दोघींना ठेवून घेते. लेडी रसेलला मात्र आपला अंदाज चुकला हे कबूल करून नव्याने माणसे ओळखायला शिकावे लागते. दुसरी संधी तिलाही मिळते, पण तिची किंमत मोजूनच.

हे लक्षात ठेवून आजच्या दोन कादंबऱ्यांकडे पाहू.

'हॅपी प्लेस'मधली हॅरिएट शल्यचिकित्सक होण्यासाठी प्रशिक्षण घेते आहे. विन हा तिचा अनेक वर्षांचा प्रियकर, लग्न ठरलेले. काही महिन्यांपूर्वी एका छोट्याशा फोनवर ते मोडले आहे. दोघांनी हे आपल्या जिवलग मित्रांना सांगितलेले नाही. दरवर्षी हा सहा जणांचा गट मेन राज्यातल्या समुद्रकाठच्या एका घरात जमतो. ते घर सबरीना या मैत्रिणीच्या वडिलांचे. ते आता विकले जाणार आहे, म्हणून हा शेवटचा आठवडा. दोघांना एकत्र असल्याचे नाटक करावे लागते.

वरवर हा विनोदी प्रसंगांचा मसाला आहे. पण पानागणिक लक्षात येते, की हॅरिएटला विन गमावण्याइतकीच भीती गट गमावण्याची आहे. कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या तीन मुली आता वेगवेगळ्या गावी आहेत. एक शेती करते, एक वकील आहे, एक इस्पितळात रात्रपाळ्या करते. फोन कमी झालेत, भेटी पुढे ढकलल्या जातात, कुणाला काय झाले हे दुसरीला उशिरा कळते. सबरीना हे सगळे पुन्हा पहिल्यासारखे व्हावे म्हणून हट्टाला पेटली आहे. शेवटी उघड होते, की प्रेम तुटल्याचे तिला आधीच कळले होते आणि दोघांना पुन्हा जुळवण्यासाठी तिनेच हा आठवडा घडवून आणला होता.

ही सबरीना म्हणजे आजची लेडी रसेल. लेडी रसेलने तोडण्यासाठी समजूत घातली, सबरीनाने जोडण्यासाठी डाव रचला. हेतू दोघींचा चांगला. आणि दोघींनी एकच गोष्ट केली नाही : समोरच्या माणसाला सरळ विचारले नाही. हॅरिएटनेही सांगितले नाही. तिला लहानपणापासून भांडणाचे भय आहे. घरातल्या तणावात वाढलेली ही मुलगी सगळ्यांना खूष ठेवता ठेवता स्वतःला काय हवे, हेच विसरली आहे. गटात जेव्हा खरोखर भांडण होते, मनात साठलेले सगळे बाहेर पडते, तेव्हा कादंबरी खऱ्या अर्थाने सुरू होते. मैत्री त्या भांडणानंतर टिकते, पण पहिल्यासारखी राहत नाही, आणि तशी राहण्याची गरज नाही हे सगळ्यांना पटते. माझ्या मते पुस्तकातली सर्वांत चांगली पाने ही आहेत.

प्रेमकथेविषयी मात्र माझी तक्रार आहे. शेवटी हॅरिएट वैद्यकी सोडून विनच्या गावी मोंटानाला जाते, मातीची भांडी घडवण्यात रमते. ती वैद्यकी आईवडिलांच्या समाधानासाठी करत होती, हे लेखिकेने आधी सुचवले आहे, म्हणून ते अगदीच उपरे वाटत नाही. तरी ज्या समाजात एका मुलीला डॉक्टर करण्यासाठी आई दागिने मोडते, तिथला वाचक हा शेवट सहज स्वीकारणार नाही. दुसऱ्या संधीसाठी आयुष्य कुणी बदलायचे, हा प्रश्न कादंबरीने विचारला आणि उत्तर घाईने उरकले.

आता 'आपल्यावर' असलेल्या कादंबरीकडे. उज्मा जलालुद्दीन यांनी 'पर्स्वेशन'चाच सांगाडा घेतला आहे. नादा सय्यद तिशीच्या उंबरठ्यावर आहे, इंजिनियर आहे, टोरंटोच्या मुस्लिम वस्तीत आईवडील आणि भावांबरोबर राहते. आई लग्नासाठी मागे लागली आहे. तिने 'आस्क आपा' नावाचे एक ॲप तयार केले होते, पण भागीदाराने दगा दिला आणि ते बुडाले. तिची जिवलग मैत्रीण हलीमा तिला घराबाहेर काढायचे ठरवते आणि मुस्लिमांच्या एका मोठ्या वार्षिक परिषदेला घेऊन जाते. तिथे हलीमाचा होणारा नवरा झैन आहे आणि झैनचा भाऊ बाज आहे. नादा आणि बाज यांचा एक जुना इतिहास आहे. तो काय, हे सांगून वाचकांचा रस मी घालवत नाही. महत्त्वाचे हे, की हलीमाला त्यातले काहीही ठाऊक नाही.

हा सांगाडा मुस्लिम घरात फार चपखल बसतो. ऑस्टिनच्या जगात घराण्याची अब्रू, वडीलधाऱ्यांचा शब्द, चारचौघांत एका खोलीत बसून मनातले न बोलणे, हे सगळे होते. आजच्या लंडन-न्यूयॉर्कमधल्या गोऱ्या नायिकेला ही बंधने लावायची तर लेखकाला कारणे शोधावी लागतात. टोरंटोच्या सय्यद कुटुंबात ती आयतीच आहेत. त्यात लाचारी नाही, की पाश्चात्त्य वाचकाला दाखवायचा दर्दभरा बुरखाही नाही. नादा नमाज पढते, नोकरी करते, चिडते, चुकते. मुस्लिम मुलगी कादंबरीत आली की तिची सुटका व्हायलाच हवी, हा जो दंडक आहे, तो इथे नाही. यासाठी लेखिकेचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे.

पण एक गोष्ट मला खटकत राहिली. जिने सगळ्या जगासाठी 'आपा' तयार केली, तिला स्वतःला मन मोकळे करायला एक आपा नाही. घरात भाऊ आहेत, जवळ हलीमा आहे, तरी आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट तिने वर्षानुवर्षे मैत्रिणीपासून लपवली आहे. का लपवली? आपल्या समाजात बदनामीची भीती मैत्रीच्या आतपर्यंत कशी शिरते, मैत्रिणीलाही सांगता येत नाही इतकी ती कशी खोल जाते, हा खरा विषय होता. ऑस्टिनची अ‍ॅन एकटी आहे, कारण तिच्या भोवती समजून घेणारे कुणी नाही. नादाच्या भोवती माणसे आहेत, हलीमासारखी मैत्रीण आहे, तरी ती एकटी आहे. हे दुःख अधिक मोठे आहे. पण कादंबरी त्या दुःखापाशी फार काळ थांबत नाही. गुपिताचा उपयोग ती मुख्यतः उत्कंठेसाठी करते. माझी भाची दुसरी कादंबरी जास्त आपली का म्हणाली, ते इथे कळले. एकीत आपली माणसे आहेत, दुसरीत आपली भीती आहे.

या विषयाचा आपल्याकडचा एक धागा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. 1982 सालचा बी. आर. चोप्रा यांचा 'निकाह' चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. वसीम रागाच्या भरात नीलोफरला तीनदा तलाक म्हणतो, मग पस्तावतो. कॉलेजपासून तिच्यावर मूक प्रेम करणारा हैदर तिला आपल्या मासिकात काम देतो आणि पुढे दोघांचा निकाह होतो. वसीमला ती परत हवी असते. हैदरचा गैरसमज होतो आणि तो मोठ्या मनाने तिला सोडून वसीमच्या हवाली करायला निघतो. दोघेही पुरुष तिला दुसरी संधी देऊ करतात, पण तिला काय हवे हे विचारत नाहीत. नीलोफर त्या दोघांनाही फटकारते. त्या चित्रपटावर त्या काळी पुष्कळ वाद झाला, त्यातले तलाकचे चित्रण अनेकांना आवडले नाही. पण तो शेवट आजही मला महत्त्वाचा वाटतो. हैदरचा त्यागसुद्धा एक प्रकारची जबरदस्तीच होती, हे तिने ओळखले.

आणि हा प्रश्न आपल्याला कॅनडातून किंवा चित्रपटातून शिकण्याची गरज नाही, तो आपल्या परंपरेत फार आधी विचारला गेला आहे. 'सहीह बुखारी'त माकिल बिन यसार यांची हकिकत आहे. त्यांच्या बहिणीला नवऱ्याने तलाक दिला, इद्दत संपली, आणि मग तोच माणूस पुन्हा मागणी घालायला आला. माकिल संतापले. मी तुला बहीण दिली, मान दिला, तू तिला सोडलेस, आता ती पुन्हा मिळणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. कुठल्या भावाला तो चुकीचा वाटेल? पण बहिणीला परत जायचे होते. तेव्हा सूरह बकरातील 232 वी आयत अवतरली : दोघे रीतसर राजी असतील तर स्त्रियांना त्यांच्या नवऱ्यांशी पुन्हा निकाह करण्यापासून अडवू नका, असा तिचा आशय. माकिल यांनी आपला राग गिळला आणि बहिणीचा निकाह लावून दिला. अडवणारा माणूस इथे शत्रू नव्हता, तिच्यावर सर्वांत जास्त प्रेम करणारा सख्खा भाऊ होता.

दुसरी हकिकत याच्या उलट आहे. बरीरा या गुलामीतून मुक्त झाल्या आणि मुक्त झाल्यावर मिळालेल्या हक्काने त्यांनी पती मुगीस यांच्यापासून वेगळे होण्याचे ठरवले. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्यामागे रडत फिरत, अश्रू दाढीपर्यंत ओघळत. प्रेषित मुहंमद (स.) यांना त्यांची दया आली आणि त्यांनी बरीरा यांना परत जाण्याविषयी सुचवले. बरीरा यांनी विचारले, ही आज्ञा आहे का? प्रेषितांनी सांगितले, आज्ञा नाही, केवळ शिफारस आहे. मग मला त्यांची गरज नाही, असे बरीरा म्हणाल्या. आणि तो विषय तिथेच संपला.

या दोन हकिकती शेजारी ठेवून वाचाव्यात. एका बाईला परत जायचे होते, दुसरीला जायचे नव्हते. दोघींच्या मनाप्रमाणे झाले. शिफारस करायलाही हरकत नाही, पण ती आज्ञा नाही हे समोरच्याला स्पष्ट कळले पाहिजे. लेडी रसेलने नेमके हेच केले नव्हते. तिने सल्ला दिला, पण आईच्या जागेवरून दिला, आणि 19 वर्षांच्या मुलीला आज्ञा व सल्ला यांतला फरक विचारण्याचे धैर्य नव्हते. इद्दतचा काळही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. राग निवावा, परतीचा विचार करता यावा, यासाठी तो अवधी आहे. एका दमात तीन तलाक देण्याची रीत तो अवधीच मारून टाकत होती. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, 2019 साली कायदा झाला. कायद्याच्या तरतुदींविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि असू देत. पण त्या हिरावलेल्या अवधीवर आपल्याकडे एखादी चांगली कादंबरी का आली नाही, हा प्रश्न मला साहित्याचा वाटतो.

आता एक कबुली देते. वीस वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीचा संसार मोडला. वर्षभराने तिच्या नवऱ्याने निरोप पाठवला, स्वतः येऊन माफी मागितली. तिचे मन डळमळले होते. ती माझ्याकडे आली. मी तेव्हा सभांमधून बोलत असे, स्त्रीच्या स्वाभिमानावर लिहीत असे. मी तिची समजूत घातली. जो एकदा सोडतो तो पुन्हा सोडेल, तू शिकलेली आहेस, तुला कशाची गरज, वगैरे. माझे म्हणणे बरोबर होते की चूक, ते आज सांगता येणार नाही. कदाचित बरोबरच असेल. पण तुला काय हवे आहे, हे मी तिला विचारले नव्हते. ती गेली नाही. आमची मैत्री मात्र हळूहळू ईदच्या मुबारकबादीपुरती उरली. तिने मला कधी दोष दिला नाही. 'पर्स्वेशन' मी तरुणपणी अ‍ॅनच्या बाजूने वाचली होती. या वेळी वाचताना लेडी रसेलचे नाव आले की मला पान उलटवेना.

म्हणून आपल्या लेखकांना, विशेषतः नव्या लेखिकांना, एक विनंती आहे. आपल्या कथांमध्ये तलाक येतो, पण तो बहुधा कथेची सुरुवात असतो किंवा शेवट. त्यानंतरची वर्षे येत नाहीत. परत जावेसे वाटणारी बाई येत नाही, कारण ती दुबळी ठरेल अशी आपल्याला भीती वाटते. परत न जाणारी येते, पण तिला घोषणा द्याव्या लागतात. आणि मैत्रीण तर निरोप्याच्या कामापुरतीच येते. तिचे स्वतःचे काही चुकते, ती बदलते, ती दुरावते, असे आपण लिहीत नाही. मोहल्ल्यातल्या आपल्या बायकांचे अर्धे आयुष्य मैत्रिणींच्या आधारावर चालते. लग्नानंतर ती मैत्री कशी विरते, तलाकशुदा मैत्रिणीला लग्नाच्या दावतीत कुठे बसवतात, विधवा मैत्रीण पुन्हा निकाह करायचा म्हणाली तर आपणच भुवया कशा उंचावतो, हे सगळे कथाविषय आपल्या दारात पडून आहेत. त्यासाठी टोरंटोला जावे लागत नाही.

लोकप्रिय कादंबरीत उणिवा असतात. 'हॅपी प्लेस'चा शेवट सोयीचा आहे, 'नादा'चे गुपित जरा लांबवलेले आहे. तरी या पुस्तकांनी माझ्या भाचीला एक प्रश्न विचारायला शिकवले, आणि तो आमच्या पिढीच्या गंभीर साहित्याने मला शिकवला नव्हता. पुस्तके परत देताना मी तिला म्हटले, "तुझे लग्न ठरायच्या वेळी मी जास्त बोलायला लागले, तर मला थांबव." ती हसली आणि म्हणाली, "खाला, ही आज्ञा आहे की शिफारस?"

हा अंक निघाला की एक प्रत मी त्या मैत्रिणीला पाठवणार आहे.